टाके काढेपर्यंत

डॉक्टर वामनराव मोहरील यांच्या दवाखान्याला बरे दिवस आले ते त्यातल्या खाटा विकल्यावर. असा दवाखाना दुसरा कुणी पाहिला असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं. आणि खाटा विकायची अक्कल डॉक्टरांची नव्हती बरं का. ती त्यांच्या ड्रेसरची, खुशालरावांची.

खुशालराव मूळचे नांदगाव खंडेश्वरचे. घरी काळी जमीन होती, पण चार भावांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला बैल वळवण्यापुरती उरली असती. म्हणून हा सातवी झालेला मुलगा अमरावतीला सरकारी दवाखान्यात लागला आणि अठरा वर्षं लोकांच्या जखमा धूत राहिला. बुटका, काळासावळा, डोक्यावर काळी टोपी. बोटं मात्र बारीक आणि अशी हलकी की पट्टी सुटल्याचं रोग्याला कळायचं नाही. जीभ तेवढी बोटांच्या उलट. पुण्याकडचा एखादा पाहुणा त्यांच्याशी दोन वाक्यं बोलला की आपलं काय चुकलं याचा विचार करत बसायचा.

डॉक्टर मोहरील लढाईच्या काळात लष्करात होते. भाजलेल्या, फाटलेल्या शिपायांचे चेहरे शिवायची विद्या ते तिथं शिकले. एकोणीसशे पन्नासच्या पुढेमागे त्यांनी अकोल्याला कापूस बाजाराच्या मागं जागा घेतली, लष्कराच्या लिलावातून आठ लोखंडी खाटा आणल्या, आणि जुनी ओळख काढून खुशालरावांना अमरावतीहून बोलावून घेतलं. दारावर पाटी लागली, ‘प्लास्टिक सर्जरी’. पहिल्याच आठवड्यात एक बाई मोडकी प्लास्टिकची फणी दुरुस्तीला घेऊन आली. दुसरी कान शिवायला आली होती, पण तिनं आधी विचारून घेतलं, “प्लास्टिकचा कान वैशाखात वितळन त नाई?” अकोल्याचं ऊन ज्यानं सोसलंय तो या प्रश्नाला हसणार नाही.

कान शिवायला बायका फार यायच्या. वऱ्हाडातली बाई कानात वजन घालायची ते चांगलं जाणवेल असं. दहा-पंधरा वर्षांत भोक ओघळून खाली यायचं, आणि मग कडेवरच्या पोरानं एकदा ओढलं की पाळीचे दोन भाग. तसा कान घेऊन हळदीकुंकवाला जायचं म्हणजे बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला कान हवा असायचा. डॉक्टरांकडे विद्या होती. तरी दवाखाना दोन वर्षांत बुडायच्या बेताला आला, आणि डॉक्टरांना काही केल्या कारण सापडेना. त्रेपन्नच्या उन्हाळ्यात एके सकाळी खुशालराव त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“डाक्टरसाहेब, कान शिवाले किती वेळ लागते?”

“पाऊण तास.”

“अन् खाट किती दिवस अडते?”

“आठ. टाके निघेपर्यंत.”

“मंग आपण कान शिवून राहिलो का खाटा भाड्यानं देऊन राहिलो?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. राग आला की ते चष्मा पुसायचे. खुशालरावांनी त्याकडे लक्ष दिलं नाही, बोटांची पेरं मोजत ते बोलतच राहिले. बाई एकटी येत नाही. तिच्यासोबत सासू, अंगावरचं पोर, बंडी हाकायला भाऊ. आठ दिवस बाईची मजुरी बुडते, भावाची बुडते, सासूची बुडते. बैल इथं उभे राहून कडबा खातात. आवारात चूल मांडतात, तिची काजळी आपण धुतो. चादरी आपण धुतो. दोन दाया आपण ठेवल्या आहेत, त्या पान खातात. “तुमचे पंधरा रुपये तिले महाग नाई पडत साहेब. तुमची खाट महाग पडते. तिलेही अन् तुमालेही.”

आणि त्यापुढं ते जे बोलले ते डॉक्टर पुढं आयुष्यभर लोकांना सांगत. खुशालराव म्हणाले, दिवाळी ते संक्रांत खेड्यात पैसा असतो, पण तेव्हा सगळी घरं कापूस वेचायला गेलेली. आठ दिवस कोण येणार? चैत्रात सवड असते, तेव्हा पैसा संपलेला असतो आणि उन्हानं जखम चिघळते. म्हणून पिकाच्या दिवसांत आपल्या खाटा रिकाम्या, आणि उन्हाळ्यात भरलेल्या त्या उधारीवर. “एक दिवसाचं काम एका दिवसात करा. बाजाराच्या दिवशी बोलवा. सकाळी सुन्न करा, शिवा, दुपारपर्यंत बाकावर निजू द्या, संध्याकाळी मोटारीत बसवून द्या. बाजार बी होते अन् कान बी होते.”

डॉक्टर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. वीस खाटांचं रुग्णालय बांधायचं स्वप्न उराशी धरलेला माणूस तो. त्याला आहेत त्या खाटा विका म्हणून सांगणारा भेटला होता. तिसऱ्या दिवशी आठातल्या सहा खाटा एका विद्यार्थी वसतिगृहाला गेल्या. दाया गेल्या. कानाचा दर पंधरावरून आठ रुपयांवर आला, आणि पाटी खुशालरावांनी स्वतः बदलून घेतली: ‘कान, ओठ, भाजलेली कातडी. टाके घालून मिळतील. मुक्काम नाही.’ महिन्याला चार कान व्हायचे ते बाजाराच्या एका दिवसाला चार व्हायला लागले. वर्षाच्या आत डॉक्टरांचं कर्ज फिटलं. खुशालरावांचा पगार पाच रुपयांनी वाढला, आणि घरी इंदूबाईंनी पाच रुपयांना वाढ म्हणायचं की चेष्टा, असं विचारलं.

पण खाट गेली, आणि तिच्याबरोबर रोगीही हातातून गेला. आठव्या दिवशी टाके काढायला या म्हटलं की बायका मान हलवायच्या आणि यायच्याच नाहीत. वेचणीची मजुरी कापसाच्या वजनावर. कान दुखत नाही, मग एक दिवस का बुडवा? कुणी विळ्याच्या टोकानं टाका कापायची, कुणी तसाच ठेवून द्यायची. मग कान पिकायचा, पाळी पुन्हा फाटायची, आणि गावभर व्हायचं की मोहरील डॉक्टरनं कान सडवला. एवढं नाजूक काम करून हे ऐकायला मिळालं की डॉक्टर दिवसभर चष्मा पुसत बसायचे.

यावर तोड खुशालरावांनीच काढली. बाई येताना कानातला दागिना पदराच्या गाठीत बांधून आणायची. कान शिवला की लगेच घालीन अशी तिची समजूत. खुशालराव तो दागिना मागून घ्यायचे. धुवट फडक्याच्या तुकड्यात, नाव-गाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट बांधायचे आणि बिस्किटांच्या एका गोल डब्यात टाकायचे. “हे माह्यापाशी. टाके काढेपर्यंत.”

बस, एवढाच नियम. सोन्याच्या ओढीनं कान आठव्या दिवशी बरोबर परत येऊ लागले. टाके निघाले की खुशालराव दागिना तळहातावर ठेवायचे, तीन महिने कानात घालायचा नाही म्हणून दटावायचे, मग सोनाराकडून शेजारी नवं भोक पाडून घ्या म्हणून सांगायचे, आणि भिंतीवरचा हातभर आरसा काढून बाईच्या पुढं धरायचे. ही त्यांची आवडती घटका. बाई आधी कान पाहायची, मग दागिना कानाशी धरून पाहायची, आणि मग कान विसरून आपला सगळा चेहराच पाहत राहायची. खुशालराव तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचे. त्यांच्या जिभेला गप्प राहणं जमायचं ते फक्त तेव्हा.

सत्तावन्नच्या मार्गशीर्षात माणिकबाई आली. पातूरच्या पलीकडून, तिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला मोकळी. उजवा कान दहा वर्षं फाटलेला होता. “माह्या पोट्टीनंच वढला, बेबीनं. अंगावर पेत होती तवा. मूठ सोडेच ना बाप्पा!” आणि सांगताना ती हसत होती. कर्णफूल तिच्या आईचं, एक तोळ्याचं, मधोमध लाल खडा. त्याचं जोडीचं तिच्या डाव्या कानात होतं. डॉक्टरांनी पाच टाके घातले. खुशालरावांनी कर्णफूल डब्यात ठेवलं. संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून, बाजाराची पिशवी घेऊन माणिकबाई मोटारीत बसली.

आठव्या दिवशी ती आली नाही. पंधराव्या दिवशी आली नाही. संक्रांत गेली. डब्यात पुड्या येत होत्या, जात होत्या, तळाशी लाल खड्याची पुडी तेवढी पडून होती. खुशालराव दर बाजाराला पातूरच्या बायकांना विचारायचे. “हाय की, चांगली हाय,” एवढंच उत्तर मिळायचं.

फाल्गुनात एक गडी आला. धोतर स्वच्छ, टोपी तिरकी, गालात हसू. त्यानं खिशातून चौदा रुपये काढून टेबलावर मांडले. “सूर्यभान माह्यं नाव. मुद्दल आठ, व्याज सहा. मोजून घ्या अन् माह्या बायकोचं कर्णफूल द्या.”

“कायचं मुद्दल? कायचं व्याज?” खुशालरावांना कळेचना.

“माणिकचं हो! कान शिवाले पैसे नव्हते म्हणून तुमच्यापाशी गहाण ठेवलं ना तिनं? मीच म्हणतो, लय दिवस झाले, सोडवून टाकू.”

माणिकबाईनं आठ रुपये त्याच दिवशी रोख दिले होते, खुशालरावांना पक्कं आठवत होतं. त्यांचा पारा चढला. “हा दवाखाना हाय, सावकाराची पेढी नाई! पैसे उचला ते. बायकोचा कान घेऊन या. कान आला की टाके काढतो, टाके निघाले की कर्णफूल. तिच्याच हातात.”

सूर्यभान पैसे उचलून गेला. पण जाताना पातूरच्या मोटार स्टँडवर तासभर थांबून त्यानं जमलेल्या प्रत्येकाला सांगितलं की मोहरीलचा ड्रेसर सोनं गिळून बसलाय, व्याज देऊनही सोडत नाही. बोलणं त्याचं गोड, लोकांना खरं वाटलं. पुढच्या बाजाराला दोघी बायकांनी दागिना द्यायला नकार दिला आणि कान न शिवताच परत गेल्या. त्याच्या पुढच्या बाजाराला पातूरकडून कुणी आलंच नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांचे एक वकील स्नेही चहा प्यायला आले आणि सहज म्हणाले की परवान्याशिवाय सोनं गहाण घेणं गुन्हा आहे, आणि कुणीतरी अर्ज लिहून घ्यायला कचेरीत फिरत आहे.

डॉक्टरांनी खुशालरावांना आत बोलावलं. “मी तुमच्यावर संशय घेत नाही,” ते म्हणाले. पण चष्मा हातात होता. “तरीपण तो डबा रिकामा करा. त्या बाईची वस्तू तिला पोचवा, कागदावर तिचा अंगठा आणा. या बाजाराच्या आत.”

“अन् नाई जमलं त?”

“खुशालराव, आपल्याकडे खाटा नाहीत, मुक्काम नाही. लोक आपल्यावर विश्वास ठेवून एका दिवसात येतात आणि जातात. तो विश्वास गेला तर इथं उरतं काय? नाही जमलं तर मला दुसरा ड्रेसर बघावा लागेल.”

खुशालरावांना ते फार लागलं. दुखऱ्या माणसाच्या अंगावरचा मणीसुद्धा त्यांनी कधी हलवला नव्हता. त्या दिवशी ते जेवायला बसले आणि ताटाकडे नुसते बघत राहिले. इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “चोरी केली का तुमी?” “नाई.” “मंग जेवा,” त्या म्हणाल्या आणि वरण वाढलं.

सकाळच्या मोटारीनं खुशालराव पातूरला उतरले. पिशवीत कर्णफुलाची पुडी, कात्री, चिमटा, स्पिरिटची बाटली, कापूस आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद. पुढं दोन कोस पायी. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेली काळी रानं दोन्हीकडे. चालता चालता ते माणिकबाईला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि त्यातलं एकही वाक्य मऊ नव्हतं.

माणिकबाई अंगणात तुरी झोडपत होती. त्यांना पाहताच तिच्या हातातली काठी थांबली आणि हात आधी कानावरच्या पदराकडे गेला. सूर्यभान घरी नव्हता. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती, ती उठून पाणी आणायला गेली.

“कान दाखवा,” खुशालराव म्हणाले. राम राम नाही, काही नाही.

तिनं पदर सारला. खुशालराव वाकले आणि क्षणभर सगळा राग विसरले. कान असा सांधला होता की रेघ शोधावी लागत होती. डॉक्टरांच्या हाताला तोड नव्हती. फक्त पाळीच्या अगदी टोकाशी काळ्या रेशमाची एक गाठ तेवढी होती.

“पाच टाके होते. चार कुठी गेले?”

“काढले. बाभळीच्या काट्यानं, आठव्या दिवशीच. तुमी कात्री उकळता तसा उकळत्या पाण्यात काटा बुडवून.”

“अन् हा?”

“हा ठेवला.”

“काहून?”

माणिकबाईनं मान खाली घातली. “तुमचाच नियम हाय ना भाऊ? टाके काढेपर्यंत.”

वाकलेले खुशालराव सरळ झाले. मग तिनं डावा कान पुढं केला. त्यात जोडीचं कर्णफूल नव्हतं. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घातलेली होती. “हे गेलं आकड्यात,” ती म्हणाली.

आकडा म्हणजे काय हे तेव्हा अकोल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिकडे न्यूयॉर्कला कापसाचा भाव कोणत्या आकड्यावर मिटतो यावर इकडे लोक पैसे लावायचे. कापूस आमचा काळ्या मातीतला, आणि आमचं सोनं न्यायचा तो साता समुद्रापलीकडचा भाव.

“माणूस वाईट नाई तो,” माणिकबाई सांगू लागली. “मारत नाई, पेत नाई. पण आकड्याचं ऐकलं का त्याले घरात काय हाय ते दिसत नाई. गाय गेली, हे डावं गेलं. उजवं घरी आणलं असतं त आठ दिवसही राह्यलं नसतं. मले वाटलं, तुमच्या डब्यात हाय ते बरं हाय. पण टाके निघाले का तुमी परत देणार. म्हणून एक ठेवला. रोज तेल लावतो मी त्याले. खोटं नाई सांगत, एक दिवस चुकत नाई.”

“अन् त्याले काय सांगतलं तुमी?”

तिनं हातातली काठी खाली ठेवली. “गहाण ठेवलं म्हणून सांगतलं. ठेवाले देलं म्हणतलं असतं त दुसऱ्या दिवशी जाऊन आणलं असतं त्यानं. गहाण म्हटलं का माणूस दम खाते.”

“म्हणजे मले सावकार तुमीच केलं!”

“हो भाऊ.” आणि एवढा वेळ नीट बोलणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “तुमचं नाव खराब होईन हे ध्यानातच नाई आलं माह्या. मी लय मोठं पाप केलं.”

मुलगी पाण्याचा गडवा घेऊन आली होती. आई रडते आहे हे पाहून ती तिथंच उभी राहिली. माणिकबाईनं डोळे पुसले. “हे बेबी. पाचवीत हाय, पहिली येते. मास्तर म्हणते हिले मास्तरीण करा. त्याले अमरावतीले जा लागते, तथी राहा लागते, पुस्तकं लागतेत. माह्यापाशी दुसरं काय हाय?”

खुशालराव पाणी प्यायले. पिशवी उघडली, स्पिरिटचा बोळा केला, चिमट्यानं ती गाठ उचलली. कात्रीची दोन टोकं रेशमावर येऊन थांबली. एक कट, मग कागदावर अंगठा, आणि त्यांचं नाव धुऊन निघत होतं. नोकरी राहत होती. अठरा आणि सात, पंचवीस वर्षांची अब्रू राहत होती. आणि संध्याकाळपर्यंत त्या बाईचं सोनं न्यूयॉर्कला जात होतं, हेही त्यांना तितकंच स्पष्ट दिसत होतं. त्यांना डॉक्टरांचा राग आला, सूर्यभानचा आला, या बाईचा तर फारच आला. आणि रागाच्या पोटात तिची मायाही आली.

त्यांनी गाठ स्पिरिटनं नीट पुसली, दाबून पाहिली. पू नव्हता. मग कात्री मिटून पिशवीत टाकली.

“खोबऱ्याचं तेल लावत जा, करडीचं नको,” ते म्हणाले. “अन् लाल झालं, ठणकलं, त तशाच मोटारीत बसून या. मंग मी काढीन. तवा ऐकणार नाई.”

बाजाराच्या दुपारी डॉक्टरांसमोर त्यांनी बिनअंगठ्याचा कागद आणि पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. बोलणं नेहमीसारखं ताठ होतं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे रेशमाचा टाका वर्षानुवर्षं आत ठेवायचा? हे कोणत्या पुस्तकात आहे, खुशालराव?”

“पुस्तकात नाई साहेब.”

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. आवारात जिथं पूर्वी चुली मांडलेल्या असत तिथं आता चार बायका डोक्याला पट्ट्या बांधून भाकरी खात बसल्या होत्या. मग ते परत आले. त्यांनी माणिकबाईच्या नावाचा कागद शोधून काढला आणि त्यावर लिहिलं, ‘चार टाके काढले. एक टाका बाकी.’ खाली सही केली. “टाका बाकी आहे म्हणजे पेशंट अजून आपला आहे,” ते म्हणाले. “आणि पेशंटची वस्तू आहे, ती तुमच्या डब्यात नाही, माझ्या कपाटात राहील. अर्ज करायचाय त्यानं माझ्या नावानं करावा.”

अर्ज काही झाला नाही. सूर्यभानला लिहिणावळीचे पैसे आकड्यावर लावणं जास्त बरं वाटलं असावं. डॉक्टरांनी पाटीवर आणखी एक ओळ रंगवून घेतली: ‘दागिना टाके काढेपर्यंत ठेवला जाईल. व्याज नाही.’ पातूरच्या बायका हळूहळू परत येऊ लागल्या. आठ दिवस आणि एक दिवस यांतला हिशेब त्यांना काही कुणी शिकवायला नको होता. पुढं कसं कोण जाणे, पण आणखी दोघी-तिघींच्या कागदावर ‘एक टाका बाकी’ असा शेरा पडलेला आढळे. डॉक्टरांनी त्याबद्दल खुशालरावांना कधी काही विचारलं नाही.

दर संक्रांतीला मोटारवाला एक पायली तुरीची डाळ दवाखान्यात टाकून जायचा. कुणाची ते सांगायचा नाही. खुशालराव तणतणायचे, “आता त लोक खरंच म्हणतीन, ड्रेसर व्याज खाते!” इंदूबाई डाळ निवडायला घ्यायच्या आणि म्हणायच्या, “व्याज चांगलं शिजते.”

चौसष्टच्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी, माणिकबाई दारात उभी राहिली. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. सोबत दोन वेण्या घातलेली उंच मुलगी होती. बेबी मॅट्रिक झाली होती, अमरावतीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला तिला जागा मिळाली होती, पैसे चार दिवसांत भरायचे होते. माणिकबाई कुणी न सांगता बाकावर बसली आणि तिनं पदर सारला.

“काढा आता, भाऊ.”

खुशालरावांनी नवा चष्मा लावला. गाठीभोवती कातडी जरा दाटली होती, पण स्वच्छ होती. तेल एक दिवस चुकलेलं नव्हतं. त्यांनी सुन्न करू का विचारलं, ती नको म्हणाली. कात्रीचा एवढासा आवाज झाला आणि चिमट्याच्या टोकाला काळा धागा आला. डॉक्टर आतून पुडी घेऊन स्वतः बाहेर आले. कपाटातला जुना कागद काढून त्यांनी सहा वर्षांपूर्वीची ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, ‘सर्व टाके काढले.’

खुशालरावांनी कर्णफूल तिच्या तळहातावर ठेवलं. मग सवयीनं भिंतीवरचा आरसा काढला, तिच्यापुढं धरला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

माणिकबाईनं कर्णफूल उजव्या कानाशी धरलं. कानाला भोक नव्हतं, नुसतंच धरलं. लाल खडा पाळीवर नेमका बसला. कान पाहून झाला तरी ती आरशात पाहतच होती. खुशालरावांचे हात अवघडले, पण त्यांनी आरसा हलू दिला नाही. मग तिनं कर्णफूल कानाजवळून काढलं आणि बेबीच्या हातात दिलं. बेबीनं मूठ घट्ट मिटली.

“आता बी सोडू नको,” माणिकबाई म्हणाली आणि उठली. “चाल, सोनाराचं दुकान बंद होईन.”